उडी, कॅमेरा आणि ठाणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते, नोकरी ऐरोलीला. सुट्ट्या जमवून स्कायडायव्हिंगला जाते आणि हवेत इतरांचे फोटो, व्हिडिओ काढते. सोसायटीत, ऑफिसात, लग्नकार्यात तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. फक्त कॅमेऱ्यात रस असेल तर मधले प्रश्न आधी वाचा, पण कॅमेरा पहिल्या दिवसापासून का नाही, हा प्रश्न कृपया वगळू नका.

कामशेतला करतात तेच ना हे?

नाही, कामशेतला पॅराग्लायडिंग होतं. तिथे छत्री डोंगरउतारावर पसरलेली असते, तिच्यात वारा भरला की चार पावलं धावून पाय उचलायचे. स्कायडायव्हिंगमध्ये पॅराशूट पाठीवर घडी घालून बंद असतं. साधारण १३,००० फुटांवर विमानातून बाहेर पडायचं, जवळजवळ मिनिटभर ताशी १९० ते २०० किलोमीटर वेगाने खाली यायचं आणि ठरलेल्या उंचीवर ते स्वतः उघडायचं. त्यानंतरची पाच-सहा मिनिटं कॅनोपीखाली, म्हणजे उघडलेल्या पॅराशूटखाली, दिशा धरत उतरायचं. येऊरच्या कड्यावरून किंवा इमारतीवरून उडी मारतात का, असंही विचारतात. ते बेस जंपिंग. तो वेगळा प्रकार आहे आणि मी तो करत नाही.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत उडी मारता येते का?

नाही. मुंबईवरचं आकाश विमानांनी भरलेलं असतं, त्यात आता नवी मुंबईचाही विमानतळ आला. ड्रॉपझोनला, म्हणजे उड्या होतात त्या जागेला, वर तेरा-चौदा हजार फुटांपर्यंत मोकळी हवा आणि हवाई नियंत्रकांची परवानगी लागते. खाली सपाट, तारा आणि पाणी नसलेलं मोठं मैदान लागतं. आपल्याकडे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मधे टॉवर.

पूर्वी लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीत टँडम, म्हणजे प्रशिक्षकाला जोडून मारायच्या, उड्या होत असत. देशातच जायचं तर हरियाणात नारनौलजवळची बाछोदची धावपट्टी आहे, दिल्लीहून रस्त्याने तीनेक तास. परदेशात पट्टायाजवळ, दुबईत, स्पेनमध्ये एंपुरियाब्रावाला मोठे ड्रॉपझोन आहेत. मी बहुतेक वेळा थायलंडला जाते, कारण मुंबईहून बँकॉक चार-साडेचार तासांवर आहे आणि शनिवार-रविवारला दोन रजा जोडल्या की काम होतं. शरीराचा सराव हवा असेल तर हैदराबादला विंड टनेल आहे. खालून येणाऱ्या हवेच्या उभ्या झोतावर तिथे तरंगता येतं. पॅराशूट आणि उंची यांतलं तिथे काही शिकता येत नाही, पण हातपाय जरासे हलवले की अंग कुठे जातं हे फार लवकर कळतं.

शिकायचं कसं? किती उड्यांनंतर एकटीने मारता येते?

टँडममध्ये तुम्ही प्रशिक्षकाच्या हार्नेसला समोरून जोडलेले असता, सगळं काम तो करतो. शिकायचं असेल तर एएफएफ नावाचा अभ्यासक्रम असतो. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो सुरू झाला. आधी जवळजवळ पूर्ण दिवस जमिनीवरचं प्रशिक्षण. मग पहिल्याच उडीला तुमचं स्वतःचं पॅराशूट तुमच्या पाठीवर, आणि दोन्ही बाजूंनी दोन प्रशिक्षक तुम्हाला धरून. पुढच्या टप्प्यांत एक प्रशिक्षक, मग कुणीच धरत नाही. अमेरिकेच्या यूएसपीए या संघटनेचा ए परवाना कमीत कमी २५ उड्यांवर मिळतो, त्यात पॅराशूट स्वतः पॅक करून दाखवावं लागतं. बी परवान्याला ५०, सी ला २०० आणि डी ला ५०० उड्या. बहुतेक ठिकाणी वय १८ पूर्ण लागतं आणि वजनाची मर्यादा असते. ती प्रत्येक ड्रॉपझोनची वेगळी, आधी विचारून घ्या.

अगं, भीती नाही वाटत का तुला?

हा मावशीचा प्रश्न, पण विचारतात सगळेच. वाटते, मावशी, दर वेळी वाटते. विमानाचं दार सरकतं, गार वारा आत घुसतो, आणि पोटात गोळा येतो. त्या क्षणी माझा हात आपोआप तिन्ही हँडलांवरून फिरतो: मुख्य पॅराशूटचं, ते सोडून द्यायचं, आणि रिझर्व्हचं, म्हणजे राखीव पॅराशूटचं. तो हात भीतीमुळेच फिरतो, म्हणून ती जावी असं मला वाटत नाही.

पॅराशूट उघडलंच नाही तर?

पाठीवर एक नाही, दोन पॅराशूट असतात. मुख्य पॅराशूट नीट उघडलं नाही, दोऱ्या पिळल्या आणि सुटेनात, तर लाल हँडल ओढून ते अंगापासून सोडून द्यायचं आणि लगेच रिझर्व्हचं हँडल ओढायचं. मुख्य पॅराशूट झटक्यात सुटावं म्हणून खांद्यांवर एकात एक गुंतवलेल्या तीन कड्या असतात. ही रचना बिल बूथ यांनी १९७०च्या दशकात केली. साध्या कड्या आणि दोराचा एक फास, पण माणसाचं सगळं वजन लटकत असतानाही ती थोड्याशा ताकदीने सुटते. मी पहिल्यांदा ती हातात घेऊन उघड-बंद केली तेव्हा बराच वेळ तेच करत बसले होते.

तिसरी सोय म्हणजे एएडी, स्वतःहून रिझर्व्ह उघडणारं यंत्र. जर्मनीत तयार झालेलं सायप्रेस हे यंत्र १९९१ पासून वापरात आहे. अनुभवी जंपरच्या सायप्रेसला जमिनीपासून साधारण ७५० फुटांवर ताशी सव्वाशे किलोमीटरपेक्षा जास्त वेग दिसला, तर ते रिझर्व्हला बंद ठेवणारा दोरीचा फास कापतं आणि रिझर्व्ह उघडतं. रिझर्व्ह फक्त परवानाधारक रिगरने, म्हणजे पॅराशूट पॅक करणाऱ्या तज्ज्ञाने, पॅक करायचं असतं. अमेरिकेच्या नियमानुसार वापरलं नसलं तरी दर १८० दिवसांनी ते उघडून, तपासून पुन्हा पॅक करावं लागतं.

लोकांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की आज बरेच गंभीर अपघात पूर्ण उघडलेल्या, ठणठणीत कॅनोपीखाली होतात. जमिनीजवळ वेगात घेतलेलं वळण त्याला कारण असतं. त्यामुळे घरच्यांना काळजी करायचीच असेल तर ती लँडिंगची करा, असं मी आईलाही सांगितलं आहे.

फोटोग्राफीसाठीच तर यायचंय मला. कॅमेरा पहिल्या दिवसापासून का नाही?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त येतो, विशेषतः ज्यांच्याकडे आधीच छोटा अ‍ॅक्शन कॅमेरा आहे त्यांच्याकडून. "अंगठ्याएवढा तर आहे, हेल्मेटला चिकटवला तर काय बिघडतं?"

यूएसपीएची शिफारस आहे की किमान २०० उड्या आणि सी परवाना झाल्याशिवाय कॅमेरा लावू नये. शिवाय जे पॅराशूट कॅमेऱ्यासह वापरणार त्याच्यावर अलीकडच्या काळात ५० उड्या झालेल्या असाव्यात. कॅमेरा कितीही लहान असला तरी हे लागू आहे. माझं स्वतःचं मत याहून कडक आहे: आकडा पूर्ण झाला तरी प्रशिक्षकाने "हो" म्हटल्याशिवाय लावू नये.

कारण वेळ. विमान सोडल्यावर पहिले हजार फूट जायला दहाएक सेकंद लागतात, त्यानंतर प्रत्येक हजार फुटांना सुमारे साडेपाच सेकंद. समोरच्याचा चेहरा चौकटीत बसत नाही म्हणून तुम्ही "एकदाच" नीट करायला गेलात की शंभर मजल्यांच्या इमारतीएवढी उंची संपलेली असते, आणि त्या वेळात तुम्ही अल्टिमीटर, म्हणजे उंचीमापक, बघितलेला नसतो. कॅमेरा लक्ष मागतो आणि नवशिक्याकडे वाटून द्यायला लक्ष शिल्लक नसतं.

दुसरं कारण अडकण्याचं. पॅराशूट उघडताना दोऱ्या डोक्यामागून सुसाट वर जातात. हेल्मेटवर बाहेर आलेली कुठलीही गोष्ट, माउंटचा स्क्रू असो की कॅमेऱ्याचा कोपरा, त्या दोरीला अडवू शकते. म्हणून कॅमेरा-हेल्मेटला एका ओढीत सुटणारी हनुवटीची पट्टी असते. दोरी गुंतली तर हेल्मेटच टाकून द्यायचं. ते कधी टाकायचं आणि कधी टाकत बसायचं नाही, हा निर्णय सेकंदभरात घ्यायला आधीच्या उड्या कामी येतात.

आणि अनुभव असूनही कॅमेरा काय करू शकतो याचं एक उदाहरण या खेळातल्या सगळ्यांना माहीत आहे. १९८८ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात एक कॅमेरामन विद्यार्थी आणि प्रशिक्षकाचं चित्रण करायला विमानातून बाहेर पडला. आठशेहून जास्त उड्यांचा अनुभव. चित्रणाचं जड सामान अंगावर होतं, पॅराशूट मात्र घातलेलंच नव्हतं. विमानात कुणाच्या लक्षात आलं नाही, त्याच्याही नाही. मी कॅमेऱ्याला हात लावण्याआधी रिग, म्हणजे पाठीवरचा दोन्ही पॅराशूटसकटचा सगळा संच, तपासते, आणि तपासून झाल्यावर शेजारच्याला पुन्हा तपासायला सांगते, ते याच कारणाने.

तोवर काय करायचं? समोरच्याच्या वेगाने पडायला शिका. हाताकडे न बघता वर, खाली, आडवं सरकता आलं पाहिजे. कॅमेरा डोक्यावर असतो, त्यामुळे डोकं जिकडे तिकडेच चित्र. क्रेन, ट्रॉली, ट्रायपॉड सगळं तुमचंच शरीर आहे. ड्रॉपझोनवरच्या जुन्या कॅमेरा फ्लायरना त्यांचं न कापलेलं चित्रण दाखवायची विनंती करा. गोड बोललात तर संध्याकाळी चहासोबत तासभर दाखवतात. आणि फोटोग्राफी जमिनीवर शिका. तिला कुठलाही परवाना लागत नाही.

मग एरवी आठवडाभर काय करता?

खरं सांगायचं तर हा छंद बहुतेक ठाण्यातच चालतो, हवेत फार थोडा वेळ असतो.

सकाळी ठाणे-वाशी लोकलने ऐरोलीला. खिडकी मिळाली तर फोनवर मागच्या ट्रिपचं न कापलेलं चित्रण, आवाज बंद करून. चांगले भाग मी बघत नाही. डोकं कुठे हललं, क्षितिज कुठे तिरकं झालं, माणूस चौकटीबाहेर कधी गेला आणि त्याआधी माझं शरीर काय करत होतं, एवढंच बघते आणि वहीत लिहिते. संध्याकाळी जिने चढणं आणि मानेचे व्यायाम. डोक्यावर कॅमेरा असताना पॅराशूट उघडण्याचा झटका मानेवर येतो, त्यामुळे टॉवेल कपाळाला लावून ओढायचा आणि मान न हलवता त्याला विरोध करायचा, असा साधा व्यायाम फिजिओथेरपिस्टला विचारून सुरू केला आहे.

हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो बघायला बोटी सुटतात. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. मी तिथे बोटीत बसून हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याने थवा चौकटीत ठेवायचा प्रयत्न करते, हात न लावता. बोट डुलते, पक्षी उडतात, खाडीचा ओला चिखल आरशासारखा चमकतो आणि कॅमेऱ्याचं मीटर हमखास गंडतं. हवेतही नेमकं हेच होतं: विषय हलतोय, तुम्ही हलताय, मागे प्रखर उजेड.

दहीहंडीचा दिवस तर मी कधीच चुकवत नाही. ठाण्यात उंच थर लागतात तेव्हा खाली, गोविंदांपासून दोन-तीन मीटरवर, वाइड लेन्स घेऊन उभं राहायचं. वर पांढरं ढगाळ आकाश, त्यापुढे सावळे, भिजलेले चेहरे. सगळं आपोआपवर सोडलं तर चेहरे काळे येतात. वरचा पोरगा हात उंचावतो ते दोन-तीन सेकंद, पुन्हा घ्या म्हणता येत नाही. तिथे मला सवय लागली की सेटिंग आधीच पक्कं करायचं, आणि थर चढायला लागले की बटणांना हात लावायचा नाही. हीच सवय घेऊन मी विमानात बसते.

कॅमेरा कोणता घ्यावा?

सुरुवातीला एकच अ‍ॅक्शन कॅमेरा, हेल्मेटला शक्य तितका चिकटून बसणारा. मोकळी खाच, उघडा स्क्रू, लोंबती दोरी असं काही राहिलं तर चिकटपट्टीने बुजवायचं. फोटोसाठी पुढे छोटा मिररलेस आणि हलकी वाइड लेन्स. महागडी जड लेन्स मानेला परवडत नाही, आणि समोरचा माणूस दीड-दोन मीटरवर असतो, झूमची गरजच पडत नाही. कॅमेऱ्याचा गळ्यातला पट्टा काढून घरी ठेवा. हातात धरायचा कॅमेरा, सेल्फी स्टिक वगैरे तर विचारूच नका.

हात मोकळे नसतात, मग क्लिक कसं करता?

दातांनी. हेल्मेटमधून एक वायर तोंडाशी येते, तिच्या टोकाला छोटं बटण असतं. चावलं की फोटो. काही जण जिभेने दाबायचं बटण वापरतात. व्हिडिओ मात्र दार उघडण्याआधीच सुरू करायचा, आणि लाल दिवा लागलाय का हे समोरच्याला बोटाने खुणावून विचारायचं. त्याने मान डोलावल्याशिवाय मी दाराकडे सरकत नाही.

हवेतला फोटो चांगला यायला काय लागतं?

सगळ्यांत आधी सूर्य. उड्या टाकायला विमान शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आणतात. म्हणून विमानात बसण्याआधी वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा बघायचा, सूर्य बघायचा आणि मनात ठरवायचं: बाहेर पडल्यावर ऊन कुठून येईल, आणि ते माझ्या पाठीशी यायला मला कुठल्या बाजूला सरकावं लागेल. हा हिशेब जमिनीवर दोन मिनिटांत होतो, वर मुळीच होत नाही.

शटर वेगवान ठेवा, हजारांश सेकंद किंवा त्याहून जलद. फोकस हाताने लावून लेन्सवर चिकटपट्टी मारा, कारण ऑटोफोकस मागच्या ढगावर जाऊन बसतो. आपल्या लोकांचे रंग सावळे, मागे चकाकतं आकाश. एक्सपोजर थोडं वाढवून ठेवलं तर चेहरा खुलतो. आकाश जरा पांढरं झालं तरी चालेल. माणसाचे डोळे दिसले पाहिजेत.

उंची बदलली की हवामान बदलतं. दर हजार फुटांना तापमान साधारण दोन अंशांनी उतरतं, म्हणजे खाली ३४ अंश असेल तर १३,००० फुटांवर आठेक अंश. तिथे गार झालेली लेन्स खालच्या दमट हवेत आली की तिच्यावर बाष्प धरतं. फ्रीफॉलचं, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधीच्या पडण्याचं, चित्रण स्वच्छ आणि लँडिंगचं धुरकट, असं होतं ते त्यामुळे. त्यावर माझा उपाय म्हणजे खिशात कोरडा मायक्रोफायबरचा तुकडा, आणि तो वापरायचा जमिनीवर पाय टेकल्यावरच. बॅटरीही थंडीत लवकर उतरते, म्हणून प्रत्येक उडीला पूर्ण भरलेली.

आणि जागा. माणसाच्या चेहऱ्याच्या पातळीला किंवा किंचित खाली राहा. वरून घेतलेल्या फोटोत पाठ, रिग आणि शेतं दिसतात. समोरून घेतलेल्या फोटोत गाल हवेने थरथरत असतात, ओठ हसू आवरू शकत नसतात, आणि माणूस स्वतःला तसा कधीच दिसलेला नसतो. त्यासाठी मी हे सगळं करते.

टँडमच्या पाहुण्यांचं चित्रण बाहेरून कसं करतात?

दोन पद्धती. प्रशिक्षकाच्या मनगटावर कॅमेरा, किंवा वेगळा कॅमेरा फ्लायर. दुसऱ्या पद्धतीत कॅमेरा फ्लायर विमानाच्या दाराबाहेर, कडेला धरून लटकतो आणि जोडीच्या क्षणभर आधी सुटतो, म्हणजे चेहरा समोरून मिळतो. काही सेकंदांत प्रशिक्षक ड्रोग नावाचं छोटं पॅराशूट सोडतो, त्याने दोघांचा वेग आटोक्यात राहतो. साधारण ५,००० फुटांवर मुख्य कॅनोपी उघडते. तेव्हा कॅमेरा फ्लायर जोडीच्या वर किंवा अगदी खाली असता कामा नये, कारण वर राहिलात तर उघडणारी कॅनोपी थेट तुमच्यावर येते. शिवाय पडणाऱ्या शरीराच्या वर हवेचा पोकळ, खळबळलेला पट्टा तयार होतो आणि त्यात शिरलात तर आधार सुटून त्यांच्यावर कोसळाल. उघडणं टिपून झालं की स्वतःचं पॅराशूट उघडायचं, त्यांच्या आधी उतरायचं आणि धावत जाऊन लँडिंग घ्यायचं. दिवसात अशा बऱ्याच फेऱ्या होतात. हे काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

स्पर्धांमध्ये कॅमेरामनला काही स्थान असतं का?

असतं, आणि मोठं. चौघांच्या फॉर्मेशन, म्हणजे हवेत एकमेकांना धरून रचना करण्याच्या, स्पर्धेत संघाचा पाचवा सदस्य कॅमेरा फ्लायर असतो. पंचांना जे दिसतं ते त्याच्याच चित्रणातून. ३५ सेकंदांत संघाने कितीही सुंदर रचना केल्या, तरी त्या चौकटीत स्पष्ट दिसल्या नाहीत तर गुण मिळत नाहीत. पदक मिळालं तर त्यालाही मिळतं.

पावसाळ्यात काय?

आपल्याकडे उड्या नाहीत, पण सामानाची खरी परीक्षा तेव्हाच असते. जून ते सप्टेंबर ठाण्याच्या हवेत जी ओल असते ती लेन्सला बुरशी लावते. एकदा काचेच्या आत जाळं पसरलं की साफ करूनही कोटिंगवर डाग राहतो. हवेतली आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास राहील अशी पेटी करा. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढं पुरतं. नारिंगी दाण्यांचा रंग बदलला की मंद आचेवर गरम करून ते कोरडे करता येतात. मात्र स्वयंपाकाची कढई वापरू नका, वेगळं भांडं ठेवा. एसीतून कॅमेरा काढून लगेच बाल्कनीत नेऊ नका. पिशवीतच बाहेरच्या हवेशी जुळू द्या.

पॅराशूट नायलॉनचं असतं. त्याला ओल चालत नाही आणि ऊन तर त्याहून चालत नाही, सूर्याच्या अतिनील किरणांनी धागा कमजोर होतो. म्हणून गच्चीवर वाळत घालायचं नाही, गाडीच्या डिकीत ठेवायचं नाही. माझा रिग भिंतीपासून लांब, कपाटाच्या मधल्या खणात असतो.

याच महिन्यांत मी घरात पॅकिंगचा सराव करते. सोफा भिंतीला लावला की दारापासून बाल्कनीपर्यंत कॅनोपी आणि दोऱ्या पसरतात. दोऱ्या एकेक मोजायच्या, कापडाच्या घड्या काढायच्या, हवा दाबून ते पिशवीत बसवायचं आणि दोऱ्या रबरबँडांत अडकवायच्या. एक गोष्ट मी प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणते: "रंग दिसला." पायलट च्यूट म्हणजे मुख्य पॅराशूटला बाहेर खेचणारं छोटं पॅराशूट. त्याच्या पट्टीत एक बारीक खिडकी असते. आतली दोरी नीट ओढून ठेवली असेल तरच तिथे रंग दिसतो. नाही दिसला तर पायलट च्यूट हवेत फुगत नाही आणि मुख्य पॅराशूट पिशवीतच राहू शकतं. आता आई स्वयंपाकघरातून विचारते, "दिसला का गं रंग?" मी हो म्हटल्यावरच ती गॅस बारीक करून हॉलमध्ये येते आणि दोऱ्या ओलांडून, पाय न लावता, खुर्चीत बसते.

नऊवारी नेसून उडी मारली होती म्हणे, ते खरं का?

खरं आहे. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये पट्टायाजवळ १३,००० फुटांवरून नऊवारीत उडी मारली. त्याआधी २००४ मध्ये त्यांनी उत्तर ध्रुवावर उडी मारली होती, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण हे बघून कुणी ओढणी घेऊन ड्रॉपझोनवर जाऊ नका. तिथे प्रत्येक घडी बांधलेली होती आणि नेसणारीच्या पाठीशी फार मोठा अनुभव होता. सुटं कापड हँडलवर आलं तर ते दिसत नाही.

विमानप्रवासात हे सगळं नेऊ देतात का?

नेऊ देतात. लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवा, टोकांना पट्टी लावून. रिग मीही केबिनमध्येच नेते. स्कॅनरवर एएडी दिसलं की विचारतात, तेव्हा उत्पादकाचं एक्स-रे चित्र असलेलं कार्ड दाखवायचं आणि शांतपणे समजावून सांगायचं. घाईत असाल तर हे जमणार नाही, तासभर आधी निघा.

खर्च आणि विमा?

शिकवणी, प्रत्येक उडीचं तिकीट, भाड्याचा रिग, प्रवास आणि राहणं, असे पैसे जातात. वाऱ्यामुळे दिवस वाया जातो तो खर्चही धरा. विद्यार्थ्यांसाठी वाऱ्याची मर्यादा ताशी साधारण २२ किलोमीटर असते. खरेदीचा क्रम माझ्या मते असा: अल्टिमीटर, हेल्मेट, जंपसूट, मग रिग, आणि कॅमेरा शेवटी. आरोग्य आणि आयुर्विम्याच्या पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले असतात का, हे निघण्याआधी वाचा आणि कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

माझी टँडम उडी ठरली आहे. व्हिडिओ चांगला यावा म्हणून मी काय करू?

सकाळची वेळ मागा, वारा शांत असतो आणि ऊन तिरपं. उपाशी जाऊ नका, पोहे-उपमा खाऊन जा. आदल्या दिवशी स्कूबा डायव्हिंग केलं असेल तर मधे किमान २४ तास जाऊ द्या. केस घट्ट बांधा, मंगळसूत्र, झुमके, अंगठ्या खोलीवर ठेवा, बुटांच्या नाड्या आत खोचा. मोबाइल नेऊ देणार नाहीत, हट्ट करू नका.

कॅमेरामनला आधी भेटा, नाव सांगा, कुठल्या बाजूने फोटो आवडतो तेही सांगा. बाहेर पडताना हनुवटी वर, पाय मागे. श्वास घेता येत नाही असं वाटलं तर ओरडा, श्वास आपोआप सुरू होतो. मग समोर लेन्स शोधा आणि तिच्याकडे बघा, पण सगळा वेळ नको. मधेच क्षितिजाकडे बघा, तोच फोटो बहुतेक वेळा सर्वांत छान येतो. उतरल्यावर संगीत लावलेल्या व्हिडिओबरोबर न कापलेली मूळ फाइलही मागून घ्या. बऱ्याच ठिकाणी स्वतःचा पेन ड्राइव्ह दिला तर भरून देतात.